चाळिशीनंतरची उमेदवारी

एप्रिलची अखेर आणि मे महिन्याचा आरंभ या चार दिवसांत तीन तारखा जवळजवळ येतात. ३० एप्रिल हा दादासाहेब फाळके यांचा जन्मदिवस. १ मे रोजी ख्रिस्तसभा कामगार संत योसेफ यांचा सण पाळते. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये हा सण सुरू केला. आणि ३ मे १९१३ रोजी फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांसाठी खुला झाला. नाझरेथचा सुतार आणि त्र्यंबकेश्वरचा शास्त्रीपुत्र यांची सांगड घालणे वाचकांना कदाचित विचित्र वाटेल. तथापि ज्या विषयावर आम्ही आज लिहू इच्छितो, त्या विषयात फाळके यांच्याइतका उपयोगी माणूस आम्हांला दुसरा आढळत नाही. शिवाय त्यांच्या उद्योगाचा शेवटचा अंक आपल्या कोल्हापुरात घडला, याचे स्मरण नव्या पिढीला फारसे राहिलेले नाही.

विषय असा आहे. माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा होतो, हातात मुरलेला धंदा काही कारणाने सुटतो आणि नव्या धंद्यात त्याला पहिल्या पायरीपासून चढावे लागते. कोल्हापूर जिल्ह्याला हा प्रसंग अनोळखी नाही. येथील गावागावांतून तरुण सैन्यात जातात. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून जवान निवृत्त होतो तेव्हा तो चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. मुले शाळेत असतात, घर अर्धे बांधून झालेले असते. (२०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्यांची मुदत तर चारच वर्षांची आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो येथे घेत नाही.) शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून, इचलकरंजीच्या मागांवरून, हुपरीच्या चांदीकामातूनही माणसे मध्येच बाहेर पडतात. कोणी विमा विकू लागतो, कोणी संगणकावर हिशेब लिहायला शिकतो, कोणी सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवितो. कोणाची पत्नी खानावळ सुरू करते आणि तोच तिच्या हाताखाली उमेदवार होतो.

अशी माणसे धर्मगुरूंकडे येतात तेव्हा आरंभी नोकरीची चौकशी करतात. थोडा वेळ बसल्यावर खरा प्रश्न बाहेर पडतो. तो असा असतो की, "फादर, हे मला जमेल का?" नोकरी मिळाल्यानंतरही हा प्रश्न सुटत नाही, उलट अधिक टोचू लागतो. जुन्या कामात हात आपोआप चालत असे; नव्या कामात प्रत्येक गोष्ट विचार करून करावी लागते आणि त्यामुळे माणूस स्वतःच्या डोळ्यांदेखत संथ होतो. ज्याच्या शब्दावर दहा जण हालत असत, त्याला पंचवीस वर्षांच्या साहेबाकडे जाऊन तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारावी लागते. लाज वाटते, म्हणून तो विचारत नाही. विचारत नाही, म्हणून चुकतो. चुकला की आपण या कामाचे नव्हेच, अशी त्याची खात्री होते. बुद्धी कमी पडते असे क्वचितच घडते. बहुधा हे लाजेचे चक्रच माणसाला खाली बसविते.

पूर्वी आमच्या भाषेत नवशिक्याच्या काळाला 'उमेदवारी' म्हणत. शब्द सुंदर आहे, कारण त्यात उमेद आहे. पण उमेदवारी ही विशीतच शोभते, अशी आपली समजूत असते. कोल्हापूरकरांनी तरी असे मानू नये. ज्या नगरीत खासबागेचे मैदान आहे, तेथे प्रत्येकाला ठाऊक आहे की पैलवानाची कुस्ती पस्तिशीला संपते आणि त्यानंतर काहीजण वस्ताद होतात. वस्तादकी हा कुस्तीचा पुढचा भाग नसून निराळाच व्यवसाय आहे. स्वतः डाव मारणे एक आणि दुसऱ्याच्या अंगात डाव उतरविणे दुसरे. चांगले पैलवान त्यात फसतात आणि मध्यम पैलवान उत्तम वस्ताद होतात, हे तालमीत बसणाऱ्यांनी पाहिलेले असते.

आता फाळके यांच्याकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मधला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. प्लेगने पत्नी गेल्यावर तो मोडला. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. रंगीत छपाईची नवी तंत्रे पाहण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले. छापखान्याचा जम बसत असतानाच भागीदारांशी त्यांचे बिनसले आणि ते बाहेर पडले. म्हणजे चाळिसाव्या वर्षी हा गृहस्थ बेकार होता, पदरी मुलेबाळे होती आणि ज्या एका धंद्यात नाव झाले होते, तो धंदा पुन्हा न करण्याचा त्याने निश्चय केला होता.

अशा अवस्थेत १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसच्या तंबूत त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. नाताळ होता की पुनरुत्थानाचा सण, याविषयी लेखकांत मतभेद आहेत. आम्हां ख्रिस्ती वाचकांना दोन्ही दिवस सारखेच प्रिय असल्यामुळे आपण त्या वादात पडू नये. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत होते आणि फाळके यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतःच पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकातील लेखमालेत नोंदवून ठेवले आहे. आमच्या प्रभूच्या चरित्राने एका हिंदू कलावंताला स्वतःच्या देवदेवतांकडे नव्याने पाहायला लावले, यात आम्हांला खेद वाटण्याचे कारण नाही. सुवार्तेची बीजे कोठे कशी रुजतात हे पेरणाराच जाणे.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाने ती घराघरांत नेली. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा काळ. स्फूर्ती एका संध्याकाळची होती. आत्मविश्वास यायला दीड-दोन वर्षे लागली, आणि तो ज्या पायऱ्यांनी आला त्या पाहण्याजोग्या आहेत.

प्रथम त्यांनी पाहण्याचा अभ्यास केला. मुंबईत जे जे चित्रपट लागत ते ते ते पाहत राहिले. स्वस्तातले यंत्र आणि पुस्तके मिळवून रात्री घरी प्रयोग करीत राहिले. इतके की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दृष्टी जवळजवळ गेली आणि डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. ही तपश्चर्या अनुकरणीय नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. नव्या धंद्याच्या भीतीपोटी रात्रीचा दिवस करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांचे शरीर आधी थकते आणि मग तेच थकणे त्यांना अपयशासारखे भासते.

दुसरी पायरी म्हणजे त्यांनी गुरू शोधला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटले. ओळखपाळख काहीच नव्हती. त्या भल्या गृहस्थाने त्यांना वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याकडे पाठविले आणि हेपवर्थने आपला कारखाना आतून दाखविला. एक्केचाळीस वर्षांचा मनुष्य परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याला काही येत नाही हे कबूल करून शिकायला उभा राहतो, ही गोष्ट आम्हांला सबंध चरित्रात सर्वांत धैर्याची वाटते. मुक्काम फार दिवसांचा नव्हता. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा खरेदी करून ते एप्रिलमध्ये परतलेही. पण त्या थोड्या दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली असली पाहिजे. जे लोक हे काम रोज करतात, तेही माणसेच आहेत आणि त्यांचे काम टप्प्याटप्प्यांनी समजून घेता येते. दुरून जे जादू वाटते ते जवळून कारागिरी दिसू लागले की निम्मी धास्ती जाते. फाळके स्वतः जादूगार असल्यामुळे त्यांना हे इतरांपेक्षा लवकर उमगले असेल.

तिसरी पायरी आम्हांला सर्वांत प्रिय आहे. कॅमेरा आला, पण भांडवल देणारा कोणी नव्हता. तेव्हा फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्यासमोर कॅमेरा ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराने ती पट्टी पडद्यावर फिरविली तेव्हा दाण्यातून कोंब फुटून वेल चढताना काही क्षणांत दिसली. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. तो पाहून सावकाराचा विश्वास बसला, असे सांगतात. पण आमच्या मते त्याहून अधिक विश्वास बसला तो स्वतः फाळके यांचा. नट नाहीत, देखावे नाहीत, पुराणकथा नाही. एक दाणा, एक यंत्र आणि धीर, एवढेच. या चित्रणात जी चूक व्हायची ती स्वस्तात झाली असती आणि कोणी हसले नसते.

नव्या व्यवसायात पडलेल्या प्रत्येकाने आपला वाटाण्याचा दाणा शोधावा. ज्याला वीजकाम शिकायचे आहे त्याने पहिल्या दिवशी मंगल कार्यालयाचे कंत्राट घेऊ नये. स्वतःच्या घरातील एक खोली पुरी करावी. विमा विकणाऱ्याने पहिली पॉलिसी मोठ्या उद्योजकाला विकण्याचा हट्ट धरण्यापेक्षा स्वतःची पॉलिसी अक्षर न् अक्षर वाचून दुसऱ्याला समजावून सांगावी. काम लहान असावे, पण पुरे झालेले असावे. अर्ध्यात सोडलेली दहा मोठी कामे जो विश्वास देत नाहीत तो पुरे केलेले एक लहान काम देते. 'मला येईल' असे शंभर वेळा घोकल्याने हा विश्वास येत नाही. 'मी हे केले आहे' असे एकदा तरी खरेपणाने म्हणता आले पाहिजे. हल्ली आरशासमोर उभे राहून स्वतःला धीर देण्याचे जे वर्ग निघाले आहेत, त्यांच्याविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फाळके कोऱ्या पाटीचे नव्हते. छायाचित्रणातील रसायने त्यांना ठाऊक होती, चित्रकलेमुळे देखावे रंगविता येत होते, छपाईमुळे यंत्राशी धीराने वागण्याची सवय होती, जादूमुळे प्रेक्षकांची नजर कोठे खिळते हे कळत होते. मोडलेल्या प्रत्येक धंद्याने काहीतरी मागे ठेवले होते. पवित्र शास्त्रात निर्गमाच्या चौथ्या अध्यायात मोशे परमेश्वरापुढे सबबी सांगतो, आपली जीभ जड आहे म्हणतो, तेव्हा परमेश्वर त्याच्या हातातील वस्तूकडे बोट दाखवितो. ती मेंढपाळाची काठी असते. नव्या कामासाठी नवी काठी दिली जात नाही. जुनीच पुढे उपयोगी पडते. निवृत्त सुभेदाराला वाटते की आपल्याला कवायतीखेरीज काही येत नाही. परंतु वेळेवर हजर राहणे, नोंदवही नीट ठेवणे, संकटात आवाज न चढविणे, वीस निरनिराळ्या स्वभावांची माणसे एकत्र राखणे, ही कवायत नव्हे. ज्या कारखान्यात तो सुरक्षारक्षक म्हणून उभा आहे तेथील व्यवस्थापकालाही कदाचित यांतले निम्मे साधत नसेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांना रोजगाराविषयी मार्गदर्शन मिळते. तेथे जाताना आपण काय सोडून आलो त्यापेक्षा काय घेऊन आलो, याची यादी कागदावर लिहून न्यावी.

सरस्वतीबाई फाळके यांच्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हा लेख अपुरा राहील. नवऱ्याच्या वेडापायी त्यांनी दागिने दिले, हे सगळे सांगतात. त्या स्वतः नवा व्यवसाय शिकल्या, हे कमी सांगितले जाते. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडणे, ती अंधारात धुणे, रसायने मिसळणे ही कामे त्या करीत आणि त्याच वेळी साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधीत. घरातील एकाने व्यवसाय बदलला की साऱ्या घराचा व्यवसाय बदलतो. म्हणून आमची विनंती अशी की, निर्णय घेण्यापूर्वी घरात सर्व आकडे उघडे ठेवावेत. फाळके यांनी विमा आणि दागिने पणाला लावले आणि ते जिंकले, म्हणून तो मार्ग सर्वांना सांगावा असा नव्हे. तसेच पणाला लावून हरलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय जुने काम सोडू नये, असे आम्ही विचारणाऱ्यांना सांगत असतो. पोटाची काळजी असताना शिकण्याकडे चित्त लागत नाही.

'राजा हरिश्चंद्र' यशस्वी झाला आणि त्याचे पडसाद कोल्हापुरात उमटले. येथे नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू चित्रपटाच्या ध्यासाने झपाटले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी मात्र साथीदारांच्या मदतीने स्वदेशी कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी येथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच, पण आता हरिश्चंद्र बोलत होता, गात होता.

येथे फाळके यांच्यापुढे दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला. ज्या कलेचा त्यांनी या देशात पाया घातला, तीच कला बोलू लागताच त्यांच्या हातातून निसटली. त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. १९३४ च्या अखेरीस कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांना बोलाविले. आरंभी त्यांनी नकार दिला असे चरित्रकार सांगतात. मग ते आले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते ध्वनिमुद्रण, संवाद, पार्श्वसंगीत असलेला व्यवसाय आपल्याहून कितीतरी तरुण माणसांच्या मध्ये बसून करू लागले. 'गंगावतरण' १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. तो त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. त्याने पूर्वीची कीर्ती परत आणली नाही. ते नाशिकला परतले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच निवर्तले.

हा भाग गाळून लेख गोड करता आला असता. पण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांची कहाणी १९१३ ची नसून १९३७ ची असते. त्यांनी एकदा नव्याने शिकून दाखविलेले असते; दुसऱ्यांदा ते तितकेसे साधत नाही. त्यांना काय सांगावे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' हे श्रमाविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध केले. तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केले होते, हे त्यातील शब्दांमागे जाणवते. त्यांचे प्रतिपादन असे की, श्रमाचे मोल प्रथम ते कोणत्या प्रकारचे काम आहे यावर ठरत नाही. ते करणारी व्यक्ती आहे, माणूस आहे, यावर ठरते. हे वाचायला सोपे आहे आणि गणवेश बदलताना आठवायला कठीण आहे. मराठीत 'आत्मविश्वास' म्हणताना विश्वास 'आत्म्या'शी, म्हणजे स्वतःशी, जोडलेला असतो. सेमिनरीत आम्ही जी लॅटिन शिकलो तिच्यात या अर्थाच्या शब्दात 'फिदेस' म्हणजे श्रद्धा आहे. 'स्वतः' मात्र त्यात नाही. भरवसा कोणावर, हे शब्दाने मोकळे ठेवले आहे. ज्याचा सारा भरवसा आपल्या हातोटीवर असतो, त्याची हातोटी गेली की सर्वच गेले. संत पेत्र पुनरुत्थानानंतरच्या त्या अनिश्चित दिवसांत पुन्हा मासेमारीला गेले आणि रात्रभर काही लागले नाही, असे संत योहान लिहितात. पहाटे प्रभूने त्यांना दोष दिला नाही. किनाऱ्यावर निखारे पेटवून न्याहारी तयार ठेवली. जुन्या धंद्याकडे एखादी रात्र परत जाणाऱ्यांना घरच्यांनी लगेच बोल लावू नयेत.

शेवटी एका सैनिकाची हकीकत सांगतो, कारण आमच्या माजी सैनिक वाचकांना ती आपली वाटेल. संत इग्नेशियस लोयोला मे १५२१ मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झाले. त्या वेळी ते तिशीत होते. पाय कायमचा अधू झाला आणि शिपाईगिरी संपली. आत्म्यांची सेवा करायची तर शिक्षण हवे, हे ध्यानात आल्यावर ते तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोना येथे लहान मुलांबरोबर लॅटिन व्याकरण शिकायला बसले. पाठांतर करू लागताच त्यांच्या मनात प्रार्थनेचे गोड विचार दाटून येत आणि धडा डोक्यात शिरत नसे. प्रार्थना आणि मिस्सेच्या वेळी मात्र असे विचार इतके येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्याला मोह म्हणून ओळखले. ज्यात आपण निपुण आहोत त्याची ओढ, जे येत नाही ते शिकू देत नव्हती. ते शिक्षकाकडे गेले, सर्व हकीकत सांगितली आणि पोटापुरती भाकरी-पाणी मिळत राहील तोवर दोन वर्षे एकही तास चुकविणार नाही, असे वचन दिले. पुढे आल्काला आणि सालामांका येथे शिकून १५२८ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. पाया कच्चा राहिल्याचे तेथे जाणवताच सदतिशीच्या घरातील हे गृहस्थ पुन्हा मुलांच्या वर्गात जाऊन बसले. १५३५ मध्ये त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली.

त्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघात आजही एक रीत आहे. तत्त्वज्ञान, ईशज्ञान, पदव्या सर्व पुरे करून काही वर्षे काम केलेल्या धर्मगुरूला, अंतिम व्रतांपूर्वी, पुन्हा नवशिक्यांप्रमाणे काही महिने काढावे लागतात. या काळात विद्वान प्राध्यापकही साधी हलकी कामे करतात आणि ज्यांना त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही अशा लोकांमध्ये राहतात. येशूसंघीय त्याला 'तिसरे वर्ष' म्हणतात.